चतुराची कात

पावसाळ्यात तळ्याकाठचं लव्हाळं नीट न्याहाळलं तर एखाद्या पात्याला चतुराची कात चिकटलेली दिसते. पाय पात्यात घट्ट रुतलेले, डोळ्यांच्या जागी पोकळ, पारदर्शक फुगे, पाठ मधोमध उकललेली. त्या फटीतून चार-दोन पांढरे दोरे लोंबत असतात. ते श्वासनलिकांचं अस्तर. कात टाकताना हा जीव अंगावरचं कवच तर सोडतोच, पण ज्या नळ्यांतून हवा आत खेळते त्यांचं आतलं अस्तरही ओढून काढतो. ते दोरे दिसले की माझा पाय तिथून निघत नाही.

आपला प्राणवायू रक्त वाहून नेतं. कीटकांना असा हमाल लागत नाही. त्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रं असतात. तिथून निघालेल्या नळ्यांना फाटे फुटत जातात, शेवटचे फाटे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक होतात आणि थेट पेशींना जाऊन भिडतात. इटलीच्या मार्चेल्लो माल्पीगींनी १६६९ साली रेशमाच्या किड्यावरच्या ग्रंथात या नळ्यांचं वर्णन केलं. रंध्रांवर तेल लावलं की किडा मरतो, हेही त्यांनी पाहिलं होतं.

चतुराची गोष्ट मात्र आणखी न्यारी. त्याचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि त्याचे कल्ले गुदद्वाराच्या आत असतात! पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवरून खेळवायचं, बाहेर सोडायचं; जिवावर बेतलं की तेच पाणी जोरात फेकून पुढे निसटायचं. पाणी सोडायची वेळ जवळ आली की पिल्लू काठाशी येतं, छाती पाण्याबाहेर काढतं आणि तिथल्या रंध्रांनी हवा घेऊ लागतं. पंख फुटण्याआधी श्वास बदलतो. मग ते पात्यावर चढतं आणि पाठ उकलते.

आपल्याकडे पावसाबरोबर पिवळसर चतुरांचे थवे येतात. त्याच जातीचे थवे ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमध्ये उतरतात. भारतातून निघून ते समुद्रावरून थेट पूर्व आफ्रिका गाठतात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. खाली खारं पाणी, टेकायला काडी नाही. अशा वेळी छातीतले स्नायू पंख हलवतात आणि त्याच हालचालीने नळ्यांतली हवा बदलत राहते. म्हणजे उडण्याचे श्रम आणि श्वास घेणं हे त्याच्या बाबतीत एकच काम आहे.