चाकराची उधारी

नाशिकजवळ ओझर येथें विमानांचा कारखाना असल्यामुळें डोक्यावरून जाणारें विमान ही आमच्याकडील मुलांना नवलाची वस्तु नाहीं. तरी माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा लहानपणीं अंगणांत उभा राहून तासन् तास आकाशाकडे पाहत असे. पुढें त्यास वैमानिक करण्यासाठीं आमच्या एकत्र कुटुंबानें लाखो रुपयांचें कर्ज काढलें. जामीन म्हणून त्या कागदावर माझीही सही आहे. या मुलास मीं एकदां जो उपदेश केला, तो चुकीचा होता असें आज मला वाटतें. तेंच येथें कबूल करावयाचें आहे.

त्याच्या कंपनीचें नांव घेण्याचें कारण नाहीं. तिचा पगार प्रथम आठ दिवस लांबला, मग महिना, मग दोन महिने. वैमानिकांत 'वेतन नाहीं तर उड्डाण नाहीं' अशी बोलणीं सुरू झालीं. त्यानें फोनवर विचारलें, "काका, मी त्यांच्या अर्जावर सही करूं काय?" मी म्हणालों, "अरे, ज्याचें मीठ खाल्लें त्यास पडत्या काळांत सोडूं नये. आमचेही पगार कित्येकदां अडकले. म्हणून आम्हीं वर्ग सोडले नाहींत." त्यानें माझें ऐकलें. कंपनी बुडाली. त्याचें वेतन गेलें, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहींत. त्या वर्षीं वहिनींनीं आपल्या पाटल्या मोडल्या. मला कोणीं एक शब्दही बोललें नाहीं, आणि तेंच अधिक लागलें.

मग मीं या विषयांत लक्ष घातलें. जेट एअरवेजची हकीकत तर सर्वश्रुत आहे. मुंबईच्या या कंपनीनें 1993 सालीं उड्डाणें सुरू केलीं. जून 2018 मध्यें ओझरहून दिल्लीसही तिचें विमान जाऊं लागलें होतें. सप्टेंबर 2009 मध्यें, संघटना काढणाऱ्या दोघां वैमानिकांना बडतर्फ केल्यावरून, तिचे शेकडो वैमानिक एकाच वेळीं आजारपणाची रजा घेऊन बसले. पांच-सहा दिवसांत तडजोड झाली व बडतर्फ झालेल्यांना परत घेण्याचें ठरलें. आजाराचें सोंग मला तेव्हांही आवडलें नाहीं, आजही आवडत नाहीं. परंतु धनी सधन असतांना काम थांबविण्यास कांहीं वजन असतें, एवढें त्यावरून दिसतें.

2019 सालीं तें वजनच उरलें नाहीं. जानेवारीपासूनचें वेतन थकलें होतें. 1 एप्रिलपासून उडावयाचें नाहीं असें वैमानिकांनीं ठरविलें. तो बेत त्यांनीं 15 तारखेपर्यंत पुढें ढकलला, आणि ती तारीख येतांच पुन्हां स्थगित केला. कंपनी जगावी हीच त्यामागील आशा. 17 एप्रिलच्या रात्रीं अमृतसरहून मुंबईस आलेलें विमान शेवटचें ठरलें. सुमारें 16 हजार माणसें उघड्यावर पडलीं. कंपनी पुन्हां उभी करण्याची योजना फसली, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तिची मालमत्ता मोडून देणीं भागविण्याचा आदेश दिला.

वाचकहो, त्या दिवसांत इतरांनीं काय केलें तें पाहा. विमानें भाड्यानें देणाऱ्यांनीं भाडें थकतांच तीं जमिनीवर उभीं करविलीं. तेलकंपनीनें पैसे थकले म्हणून इंधन बंद केलें. बँकांनीं आणखी कर्ज देण्याचें नाकारलें. यांपैकीं कोणासही कोणीं कृतघ्न म्हटलें नाहीं, व्यवहारच तो. महिनोन् महिने उधारीवर राबला तो एकटा चाकर, आणि निष्ठेचा उपदेश ऐकावा लागला तोही त्यालाच.

मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत पहिलें ऋणादान. आणि वेतन न देणें हें सहावें, स्वतंत्र पद. म्हणजे वेतन ही धन्याची कृपा नव्हे, न्यायसभेपुढें मागतां येणारें देणें आहे, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. मीं जन्मभर तें शिकविलें, पण घरांत प्रसंग आला तेव्हां विसरलों. 2016 च्या दिवाळखोरीच्या कायद्यांतही याचा विचार आहे. मालमत्ता विकल्यावर प्रथम त्या प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचें 24 महिन्यांपर्यंतचें वेतन व तारण असलेले सावकार एकाच रांगेंत. त्यांच्या मागें इतर नोकरांचें 12 महिन्यांपर्यंतचें वेतन. भविष्यनिर्वाह निधि तर या वाटणीच्या बाहेरच ठेवलेला आहे. परंतु रांगेंत जागा मिळणें निराळें आणि पात्रांत अन्न पडणें निराळें. भांडें रितें झाल्यावर पंक्तीचा क्रम काय कामाचा?

म्हणून बोलावयाचें तें भांड्यांत कांहीं असतांनाच बोललें पाहिजे. निष्ठा ही गोष्ट मी अजूनही मोठी मानतों. प्रवाशांना वाटेंत अडकवूं नये, खोटी रजा घेऊं नये, आगाऊ सूचना द्यावी, हें सर्व खरें. पण थकलेल्या वेतनाबद्दल पहिल्याच महिन्यांत, सहकाऱ्यांसह, लेखी व स्पष्ट विचारणें यांत निष्ठेचा भंग कोठें होतो?

पुतण्या आतां दुसऱ्या कंपनींत आहे. गेल्या महिन्यांत तेथें पगार आठ दिवस लांबला. त्यानें मला विचारलें नाहीं, मींच फोन करून म्हणालों, "अरे, सगळे मिळून विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या." तो क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "काका, कालच अर्ज दिला. पहिली सही माझीच आहे."