नऊ इंचांची पायरी



मी मूळचा बडोद्याचा, दांडिया बाजारातला. शिकलो कलाभवनात आणि नोकरीच्या निमित्ताने येऊन पडलो अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावी. या गावाचा मुख्य धंदा म्हणजे चाकांवरची घरं. गाडीच्या मागे जोडून न्यायची. आत ओटा, फ्रिज, पलंग, संडास-बाथरूम, सगळं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात त्यांना. अमेरिकेतली अशी बहुतेक घरं याच भागात तयार होतात.

मी गुणवत्ता तपासणीत आहे. घर लाइनीवरून उतरलं की टेप, लेव्हल आणि यादी घेऊन फिरायचं, बरोबरच्या खुणा करायच्या. सहा वर्षांत किती दारं उघडून बंद केली त्याची मोजदाद नाही. पण त्यातल्या एकाही घरात मी एक रात्र झोपलो नव्हतो.

मी एकटाच असा नव्हतो. आमच्याकडे बरेच कारागीर आमिश पंथाचे आहेत. ते स्वतःची मोटार ठेवत नाहीत, चालवतही नाहीत. कामावर सायकलने येतात, नाहीतर भाड्याच्या व्हॅनने. सुतारकामाला त्यांचा हात सोन्यासारखा. पण जे घर बांधतात ते ओढून न्यायला त्यांच्याकडे गाडीच नाही!

कंपनीची एक योजना होती. शनिवार-रविवारी कामगारांनी ट्रेलर फुकट न्यावा, त्यात राहावं आणि परत आल्यावर एक फॉर्म भरून द्यावा. मी कधी नेला नाही. रोज तेच तर बघतो, त्यात काय राहायचं, असं वाटायचं.

मग बडोद्याहून आई आली. वय ७१, उंची चार फूट दहा इंच, गुडघे कुरकुरणारे. तिला म्हटलं, चल, मी काय बनवतो ते दाखवतो. मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत, तिकडे निघालो. मी, बायको, मुलगी आणि आई.

पहिला धडा रस्त्यातच. पोचून दार उघडलं तर ड्रॉवर बाहेर आलेले, मिसळणाचा डबा पालथा आणि जमिनीवर मोहरीचा सडा. लाइनीवर ड्रॉवर मी शेकडो वेळा ओढून बघितले होते. पण ट्रेलर उभा असताना.

आमची जागा दाराच्या बाजूला उतरती होती. आतली जमीन सपाट करायला त्या बाजूची चाकं चार इंचांच्या फळ्यांवर चढवली. लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मधे. झालं काम, म्हटलं.

संध्याकाळी आईने सेव उसळ केली. सेव बडोद्याहून आणलेली. बाहेरच्या टेबलावर जेवू म्हणून ती पातेलं घेऊन दारातून उतरायला लागली आणि शेवटच्या पायरीवरून तिचा पाय जमिनीला पोचलाच नाही. पातेलं गवतात, आई गवतात. नडगी सोलवटली, घोटा सुजला. हाड वाचलं हे नशीब.

तिला खुर्चीत बसवलं, बर्फ लावला आणि नकळत खिशातून टेप काढला. कारखान्याच्या काँक्रीटवर ती पायरी जमिनीपासून ९ इंच असते. इथे भरली १४. फळ्यांचे ४ आणि उताराचा १.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण मला एक तक्रार आठवली. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका वयस्क बाईंनी लिहिलं होतं, पायरी उंच आहे, उतरताना मी दोनदा पडले. मी कागद काढून पाहिले, माप जुळलं. शेरा मारला: "माप आराखड्याप्रमाणे. दोष नाही." फाइल बंद. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

सकाळी आईला हे सांगून टाकलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "तू मोजलंस तेव्हा तुझ्या हातात काय होतं रे?"

"टेप."

"आणि माझ्या हातात पातेलं."

मग तिने आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्याची गोष्ट सांगितली. आजी घसरायची म्हणून आजोबांनी मोठ्या हौसेने धरायला दोर बांधला. स्वतः दहा वेळा चढून-उतरून बघितलं. तरी आजी घसरलीच. कारण तिच्या कमरेवर कळशी, उरला एकच हात, आणि दोर बांधलेला उलट्या बाजूला. "आजोबा कळशी घेऊन कधी चढलेच नव्हते," आई म्हणाली.

सोमवारी फॉर्म भरला. चार ओळींच्या जागेत मावेना म्हणून मागे लिहिलं, आणि बंद केलेली ती तक्रार स्वतःच्या नावानिशी जोडली. साहेबांना पटवायला दोन आठवडे गेले. शेवटी कारखान्यामागच्या उतारावर एक ट्रेलर उभा केला आणि ज्यांचा त्या दाराशी संबंध होता त्या सगळ्यांनी एका हातात पाण्याची बादली घेऊन चढ-उतर केली. साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. एक आमिश सुतार, दाराजवळचा धरायचा दांडा बसवणारा, खाली उतरून बराच वेळ गप्प उभा राहिला. म्हणाला, "इतकी वर्षं हे दांडे मीच बसवतोय. धरला आज पहिल्यांदा."

पुढच्या वर्षीच्या मॉडेलला दांडा लांब होऊन खालपर्यंत आला आणि पायऱ्यांना जमिनीप्रमाणे कमीजास्त करता येणारे पाय आले. ड्रॉवरचं काम अजून चालू आहे.

त्या बाईंना मी फोन केला. माफी मागितली, नवा दांडा आणि पायऱ्या बसवून देतो म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, अहो, आम्ही तेव्हाच एक स्टूल आणलं, आता त्याचीच सवय झाली. फोन ठेवल्यावर जास्त लागलं. माझी चूक त्यांनी स्वतःच्या खर्चाने निस्तरली होती.

आता दर वर्षी दोनदा मी ट्रेलर नेतो. आई बडोद्याहून फोनवर विचारते, "या वेळी हातात काय धरून उतरलास?"

मंडळी, तुमच्या जुन्या घराच्या जिन्यालाही असा दोर होता का? कोणी बांधला होता, आणि धरणारं कोण होतं? जरूर लिहा.