मिरचीचा ठसका

परवा भाचीच्या तान्ह्या लेकीची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, नाही लागला तर कडक लागलेली, हा आमच्याकडचा पिढीजात निवाडा. घरभर ठसका उठला, सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र उठून गच्चीत गेले. १९८४ साली जो भोपाळात होता त्याला त्या धुरात बसवत नाही.

२ डिसेंबर उलटून ३ तारीख लागली त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा जुन्या शहरातल्या लोकांना झोपेत आधी हेच वाटलं होतं, शेजारी कुणीतरी मिरच्या जाळतंय. आम्ही टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. १९५६ साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली बरीच मराठी माणसं फायलींच्या मागोमाग इथे आली. त्यांत माझे वडील होते. त्यांच्याबरोबर आजी आली, आणि आजीबरोबर तिचं सोवळं.

वारा आमच्या बाजूला नव्हता म्हणून आम्ही वाचलो. पण पहाटेच्या आत तिकडची माणसं धावत, धडपडत आमच्या रस्त्यावर पोचली. डोळे सुजून मिटलेले, श्वास लागलेला.

आजीची तांब्याची घागर देवघराशेजारी तिवईवर असायची. ओलेत्यानं भरलेली. तिला आईनंही शिवायचं नाही. शिवलं तर पाणी ओतून द्यायचं. त्या वेळी नळाला पाणी नव्हतं. आजीनं ती घागर उचलली, कमरेवर घेतली आणि फाटकापाशी गेली. बुरख्यातल्या एका बाईच्या कडेवर पोरगं होतं, त्याचे डोळे ओंजळीनं धुतले. मग घागर त्या बाईच्या हातात दिली. बाई काठाला ओठ लावून पाणी प्यायली. आजी समोर उभी राहून बघत होती. "सावकाश पी गं, ठसका लागेल," असं मराठीतच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं ती घागर चिंचेनं घासली, अंघोळ केली, पाणी भरलं आणि तिवईवर ठेवलं. सोवळं पुन्हा सुरू झालं, ते ती जाईपर्यंत सुटलं नाही. मी विचारलं, "आजी, काल चाललं, मग आज का नाही?" ती म्हणाली, "काल विचारायचं काय होतं त्यात?"

पुढे कॉलेजात आम्हाला शिकवलं, की नीती म्हणजे संस्कार. ज्या घरात जन्मलो त्या घराची सवय. दुसऱ्या घरात जन्मला असतात तर दुसरंच चांगलं वाटलं असतं. मला हे तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आजीचा संस्कार तिला घागर झाकायला सांगत होता. ती ज्याच्या सांगण्यावरून उठली ते संस्काराच्याही खालचं काहीतरी होतं, आणि फाटकाबाहेर कोण कुठल्या धर्माचं आहे हे त्याला माहीत असण्याची गरज नव्हती.

आमच्या जुन्या ग्रंथांना हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिण्यात आयुष्य घातलं; पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. त्यात साधारण धर्माची चर्चा आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह हा चारी वर्णांचा धर्म असं मनुस्मृतीच सांगते. आणि तीच मनुस्मृती एकाच शिवीगाळीला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा सांगते. एका हातानं सगळ्यांना दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, ही रीत फार जुनी आहे.

ती आमच्याच मुलखाची आहे असंही नाही. १९८६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे न्यायाधीश जॉन कीनन यांनी युनियन कार्बाइडवरचा खटला भारतात पाठवला. तो अमेरिकेतच ठेवला तर आपली मापं आणि मूल्यं दुसऱ्या देशावर लादण्याचा साम्राज्यवाद होईल, असं त्यांनी निकालपत्रात लिहिलं. भाषा आदराची आहे. पण टाकीतलं मिथाईल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद ठेवलेली होती, आणि फुफ्फुसं इथली काय, कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्याजवळची काय, सारखीच जळतात. ज्याची मापं त्याला, हे तत्त्व नेहमी बळकटाच्या सोयीचं कसं ठरतं, हा माझा जुना राग आहे. १४ फेब्रुवारी १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे बहुतेक जखमींच्या हातावर २५ हजार रुपये पडले.

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई त्यांतलीच, छोल्याकडे राहणारी. तिच्या दाव्याचे कागद मी भरून द्यायची. एकदा अंगठा उठवता उठवता तिनं विचारलं, "दीदी, यही अमेरिका में होता तो कितना मिलता?" मी आकडा सांगू शकले नाही. तिच्या शेजारी तिचा चहाचा कप होता. तो कप वर्षानुवर्षं मागच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला, पालथा ठेवलेला असायचा. त्या रात्री घागर रस्त्यावर गेली, पण हा कप खिडकीतून आत आला नाही.

यावर मी पुष्कळ वर्षं अडून आहे. आजीवर माझी माया आहे. तिचं त्या रात्रीचं वागणं खरं आणि कपाचं खोटं, असं म्हणून सुटका होत नाही. दोन्ही तिचंच होतं. मात्र एवढं म्हणता येतं: त्या रात्री तिनं जे केलं ते कुठेही, कुणीही करायला हवं होतं. कपाबद्दल तसं कुणालाच म्हणता येणार नाही, तिलाही म्हणता आलं नसतं. ती फक्त 'आपल्यात असं असतं' एवढंच म्हणायची.

सगळ्यांसाठी एक नीती म्हटलं, की सगळ्यांना एका साच्यात घालतील अशी धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणून मला जोतीराव फुले आठवतात. पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यात त्यांनी असं एक कुटुंब कल्पिलं आहे, जिथे आई, बाप, मुलगी, मुलगा वेगवेगळे धर्म पाळतात आणि कुणी कुणाचा द्वेष करत नाही. देव ज्याचा त्याला, वागणूक मात्र सगळ्यांशी एक. आजीचं सोवळं त्या घरात बसलं असतं, तो पालथा कप बसला नसता.

बाईचा प्रश्न मी न्यूयॉर्कला विचारलेला समजत होते. तो आमच्या खिडकीलाही होता. दोन्हीकडे तिला एकच उत्तर मिळायला हवं होतं, आणि ती कुठल्या गावात, कुठल्या घरात जन्मली यानं ते बदलत नाही, हे मी माझं मत म्हणून नाही, खरं म्हणून सांगते.