पुनर्वसूतला फवारा

पोफळीवर पहिला फवारा कोणीही मारतो. मे संपत आलेला असतो, झाड कोरडं असतं, झाडावर चढणारा पाडेलीही मिळतो. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण घोसावर बसून सुकलं की निळसर पांढरी झाक खालूनसुद्धा दिसते आणि बागायतदार निर्धास्त होतो. माझं भांडण दुसऱ्या फवाऱ्याशी आहे. पहिल्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी तो द्यायचा, म्हणजे बरोबर पुनर्वसू नक्षत्र. आमच्या दोडामार्गच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पुनर्वसूतला पाऊस कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. कोळेरोगाला, म्हणजे घोस कुजवणाऱ्या बुरशीला, जे जे हवं ते सगळं त्या दिवसांत असतं. घोस रात्रंदिवस ओला, हवा गार, मध्येच तासभर ऊन, पुन्हा सर. आणि फवाऱ्याला हवी असते उघाडी. आधी घोस निथळला पाहिजे, मग औषध बसून सुकलं पाहिजे. तेवढी सवड आभाळ देईल की नाही, हे सकाळी चहा पिताना ठरवायचं.

यंदा ही सगळी गोष्ट माझ्यासाठी बदलली, कारण गुडघे गेले. आजवर मी स्वतः चढत होतो. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, मालकाने पोफळीवर चढणं आमच्याकडे जरा कमीपणाचं समजतात, आणि मला नेमका त्याचाच तोरा होता. शेंडा झुलवून शेजारची पोफळ धरायची, जमिनीला पाय न लावता ओळ संपवायची. खाली कोणी बघत असेल तर मी थोडं जास्तच झुलायचो. बायकोला हे ठाऊक होतं. पाहुणे आले की ती त्यांना बागेत आणायचीच नाही.

आता भाचा येतो, कार्बन फायबरची लांब काठी घेऊन. एकात एक सरकणारे तुकडे, टोकाला नोझल, खाली इंजिनाचा पंप. कर्नाटकातले बागायतदार आधीपासून वापरतात, आता गोव्यात आणि आमच्याकडेही आली. "मामा, तुमी खालीच ऱ्हवा," तो म्हणतो, आणि मी नुसता बांधावर उभा राहतो. अर्ध्या दिवसात तो माझ्या दोन दिवसांचं काम उरकतो. पडून हाडं मोडण्याची भीती नाही. पाडेलीची वाट बघायला नको. जे होते त्यांतले बरेच गोव्याच्या हॉटेलांत गेले, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तिथे छप्पर आहे.

तरी माझं मन काठीवर बसत नाही. का, ते नीट सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल.

रोगाचा पहिला डाग कुठे येतो? फळाच्या देठाकडे, टोपीच्या कडेला. पाणी तिथे मुरून राहतं. आधी गर्द हिरवा ओलसर ठिपका, मग तो पसरतो, फळ गळतं, आणि खाली पडलेल्या फळावर पांढरी लव चढते. घोस लोंबता असतो, म्हणजे टोपी वरच्या अंगाला. जमिनीवरून मारलेला फवारा फळाच्या बुडाला लागतो, जिथे रोगाला काही काम नाही. टोपीवर पडतं ते फक्त वरून परतून आलेलं शिंतोड्याचं पाणी. मी शेंड्यात बसलो की नळी घोसाच्या वर धरायचो, डाव्या हाताने घोस किंचित फिरवायचो, आणि देठात औषध उतरताना दिसायचं. गेल्या वर्षीचा काळा पडून वाळलेला घोस झावळीच्या बेचक्यात अडकलेला असला तर तोही उपटून खाली टाकायचो. रोगाचं पुढच्या वर्षाचं बियाणं त्यातच असतं. खालून तो दिसत नाही.

हे भाच्याला सांगितलं. तो वाद घालत बसला नाही. दोन दिवसांनी नोझलला वाकडी मान लावून आला, छत्रीच्या मुठीसारखी. आता नळी घोसाच्या वरून जाते आणि तोंड खाली करून मारते. चांगली युक्ती आहे. पण झावळ्या आड येतात, काठीचं टोक वाऱ्यात हलतं, आणि उंच जुन्या झाडांवर औषध देठात गेलं की विरीवरून, म्हणजे झावळीच्या रुंद बुडावरून, ओघळून गेलं, हे त्यालाही कळत नाही. तो म्हणतो कळतं. मी म्हणतो नाही. उघाडीची वाट बघत आम्ही यावर बोलत बसतो.

शास्त्रज्ञ सांगतात की कोळेरोगाची ही बुरशी खरी बुरशी नव्हेच. फायटोप्थोरा म्हणजे समुद्रातल्या तपकिरी शेवाळाची नातेवाईक. आयर्लंडमध्ये १८४५ पासून ज्या करप्याने बटाटा कुजवला त्याच कुळातली. हिचे बीजाणू पाण्यात पोहतात. मला ही माहिती फार आवडली. कारण मग लक्षात येतं की आपण पोहणाऱ्या शत्रूशी भर पाण्यात लढतोय, आणि शस्त्र काय, तर पावसात धुऊन जाणारा चुना-मोरचूद.

ते शस्त्रही इथे लढायला जन्मलेलं नाही. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. बोर्डोचे प्राध्यापक मियार्दे यांना १८८२ मध्ये दिसलं की नेमक्या त्याच वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पोफळीवर ते आणलं लेस्ली कोलमन या कॅनडाच्या माणसाने, १९१० च्या सुमाराला, म्हैसूर संस्थानात. त्याआधी तिथले लोक प्रत्येक घोसावर विरीचं आवरण बांधत. कोलमनने मलनाडचा पाऊस बघितलेला होता, म्हणून त्याने मिश्रणात राळ आणि सोडा घालायला सांगितला, औषध चिकटून राहावं म्हणून. म्हणजे दुसऱ्या फवाऱ्याचं दुखणं त्यालाही कळलं होतं.

मी अजून राळ-सोडा उकळतो. शेजारच्या वाडीतले एक बागायतदार हसतात. त्यांच्याकडे बाटलीतला स्टिकर असतो आणि बोर्डोऐवजी तयार ताम्रयुक्त पावडर. पिशवी फाडली, पाण्यात टाकली, झालं. त्यांची बाग दरवर्षी जळते असंही नाही, हे कबूल करायला हवं. पण त्यांच्या फवाऱ्याचा रंग बघवत नाही. माझं मिश्रण आभाळासारखं निळं येतं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण मोरचुदाचं पाणी चुन्यात कोणत्या धारेने सोडायचं आणि ढवळणाऱ्याने कधी थांबायचं यावर मी तासभर बोलू शकतो, आणि बोललोही आहे, लोक उठून जाईपर्यंत. शेवटी कोयत्याचं पातं बुडवायचं. तांबूस झालं तर चुना कमी. माझ्याकडे पातं क्वचितच तांबूस होतं. तरी मी ते चारचौघांसमोर बुडवतो, स्वच्छ निघालेलं सगळ्यांना दिसावं म्हणून.

काहींनी पॉलिथिनच्या पिशव्या घोसाला बांधल्या. रोग थांबतो, खोटं नाही. पण पिशवी बांधायला वर चढावंच लागतं, आणि चढणारा असता तर आपण काठीवर आलो असतो कशाला? भाव बरा आहे म्हणून आता भाताच्या मळ्यांतही पोफळ लावतात. तिथे पाणी निचरत नाही, झाडं दाटीने, वारा खेळत नाही. रोगाला हे आमंत्रणच. त्यांचा घोस कुजला की वाऱ्या-पावसाबरोबर रोग माझ्याकडेही येतो. गळलेली फळं गोळा करून जाळा, एवढं सांगितलं तरी लोकांना राग येतो.

यंदाच्या पुनर्वसूपुरती तडजोड झाली आहे. खालच्या अंगाची तरणी झाडं भाचा काठीने करील. व्हाळाकाठच्या आजोबांच्या वेळच्या उंच पोफळींसाठी पलीकडच्या गावातला पाडेली सांगून ठेवला आहे. उघाडी मिळाली तर तो येईल, आणि त्याच उघाडीत त्याला आणखी चार जणांनी बोलावलेलं असेल. मिश्रण मात्र मीच करणार. भाच्याचंही आता तितकंच निळं येतं. त्याने मागच्या खेपेला पातं बुडवलं तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.