पॅनेल उन्हात, बाकी सावलीत

"भाऊ, यावर कूलर चालन काय?"

बॅटरीची पेटी पाहायला दुकानात आलेला माणूस आधी हे विचारतो, किंमत मागाहून. आमच्या विदर्भातल्या केळापूर तालुक्यात मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. अशा दिवसांत या प्रश्नावर हसून चालत नाही. फ्रीज नसलेली घरं इथे सापडतील, कूलर नसलेलं घर शोधावं लागेल. तरी माझं उत्तर ठरलेलं असतं: नाही चालणार. निदान तुला हवा तसा, रात्रभर नाही.

तालुका केळापूरचा आणि कचेरी पांढरकवड्यात, अशी इथली जुनी रीत आहे. त्या पांढरकवड्यात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. हिवाळ्यात पाण्याचे पंप जळून येतात, उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी. सोलरच्या पेट्या हा त्यातून फुटलेला जोडधंदा. लोडशेडिंगच्या काळात लोक इन्व्हर्टर दुरुस्तीला आणायचे, त्यांची पोटं उघडता उघडता हात बसला. आता लोडशेडिंग तसं राहिलं नाही. पण मृगाच्या आधीचं वादळ सुटलं, झाड तारेवर पडलं किंवा डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की लाईन कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पेटी हवी असते ती त्या रात्रींसाठी.

कूलरचा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. साध्या डेझर्ट कूलरची मोटार आणि पाण्याचा पंप मिळून 180 वॉटच्या आसपास घेतात. आठ तासांचे 1,440 वॉट-तास झाले, म्हणजे जवळजवळ दीड युनिट. मी बनवतो त्या पेटीत चार सेल असतात, प्रत्येकी 3.2 व्होल्ट आणि 100 अँपिअर-तासांचे. सिरीजमध्ये जोडले की 12.8 व्होल्ट. पूर्ण भरलेल्या पेटीत 1,280 वॉट-तास आले. कूलर पहाटेच्या आधीच पेटी रिकामी करून बंद पडेल, आणि दुसऱ्या दिवशी ढग आले तर ती भरणारही नाही.

मग त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहितो: बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, दोन पंखे, प्रत्येकी 30 वॉटचे, आठ तास. 9 वॉटचे तीन बल्ब, पाच तास. वायफायचा डबा, तीन मोबाइल. सगळं मिळून 760 वॉट-तास. इन्व्हर्टर स्वतःसाठी खातो ते धरलं तरी रात्र निघते आणि थोडी वीज उरते. जुना पंखा एकटा 75 वॉट घेतो, म्हणून गिऱ्हाइकाला आधी पंखा बदलायला लावतो आणि पेटी नंतर विकतो. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं नाही असं घरचे म्हणतात.

आमच्याकडे एक समज पक्का आहे: ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. विदर्भात राहून असं वाटणं साहजिक आहे. पण पॅनेलला हवा असतो प्रकाश, उष्णता त्याला सोसत नाही. पॅनेलवर लिहिलेले 200 वॉट हे त्याचं अंग 25 अंशांवर असताना मोजलेले असतात. मे महिन्याच्या दुपारी टिनावर ठेवलेल्या पॅनेलचं अंग 70 अंशांपर्यंत जातं. दर अंशामागे साधारण 0.35 ते 0.4 टक्के घट धरा, म्हणजे 200 चे 165 उरले. म्हणून मी पॅनेल टिनाला चिकटवू देत नाही. खाली वीतभर मोकळी जागा ठेवली की वारा खेळतो आणि पॅनेल थोडं तरी निवतं.

दिशेबद्दलही वाद होतात. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी 20 अंशांवर, कारण आपण साधारण 20 अक्षांशावर आहोत. हे वर्षभरासाठी ठीक. पण मे महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास भरदुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दोन महिन्यांत पॅनेल सपाट पाडलेलं बरं. हलवता येणाऱ्या पेटीचं पॅनेलही हलवता येतं, हा तिचा मोठा फायदा. फक्त वादळाच्या दिवसांत त्याला दोरीने बांधायला विसरू नये.

पेटीतले सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे. या रसायनाचा शोधनिबंध 1997 साली टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने प्रसिद्ध केला, आणि त्यावर पहिलं नाव होतं अक्षय पाधी यांचं. गुडइनफ यांना पुढे 2019 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. यात कोबाल्ट नाही, लोखंड आणि फॉस्फेट आहे. मोबाइलच्या बॅटरीपेक्षा हे सेल आग लागण्याच्या बाबतीत बरेच सोशीक असतात. वजनाचा फरक तर हातालाच कळतो: इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी 50 किलोंच्या वर जाते, माझे चार सेल मिळून आठ किलोंच्या आसपास.

पण सोशीक म्हणजे अमर नव्हे. उष्णतेत यांचंही आयुष्य झिजतं. बहुतेक कंपन्यांच्या कागदावर चार्जिंगची वरची मर्यादा 45 ते 60 अंशांच्या मध्ये कुठेतरी लिहिलेली असते. आमच्याकडे दुपारी टिनाखालच्या माळ्यावर किती तापतं ते तिथे चढून बघा. लोक मात्र पेटी नेमकी माळ्यावर ठेवायला निघतात, कारण पॅनेल तिथून जवळ, वायर कमी लागते. मी सांगतो, वायर चार मीटर जास्त लागू दे. पेटी आतल्या खोलीत, जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीला. शेगडीपासून लांब. काही हुशार माणसं ती कूलरच्या झोतात ठेवतात. गार राहते हे खरं, पण त्या ओल्या हवेत टर्मिनलवर हिरवं चढतं. पॅनेल उन्हात आणि बाकी सगळं सावलीत, एवढं जमलं तर या भागात निम्मं काम झालं. बाजारात मिळणारे तयार डबे थंड मुलखाचा विचार करून बनवलेले वाटतात. सगळे भाग एकमेकांना खेटून, आत वारा शिरायला फट नाही. म्हणून मी पेटी प्लायवूडची करतो, दोन्ही बाजूंना जाळी, आणि इन्व्हर्टर व सेल यांच्यामध्ये आडवी फळी.

जोडणीला बसतो ते सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी सुरू व्हायच्या आत. चारही सेल आधी पॅरलल जोडून 3.65 व्होल्टपर्यंत भरतो, म्हणजे चौघांची सुरुवात एका रेषेवरून होते. याला दिवस जातात आणि बघण्यासारखं काही घडत नाही. उतावळा कारागीर हीच पायरी गाळतो. मग एक सेल आधी भरतो, बीएमएस, म्हणजे सेलांवर नजर ठेवणारं सर्किट, त्याला वाचवायला सगळंच चार्जिंग तोडतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी डुप्लिकेट निघाली.

सेल सिरीजमध्ये लावताना पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली असते. 12 व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना जागीच चिकटतो आणि लाल होतो. हातातलं कडं, अंगठी आधी काढून ठेवायची. टर्मिनलवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, कापसाने पुसायचं, पट्टी बसवायची, नट आवळायचा. फार नाही, कारण ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात. मग लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी कडी. तांब्याची वायर सोलून लगमध्ये शेवटपर्यंत घालायची, एकही तार बाहेर राहता कामा नये, क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायचं आणि मग दोन्ही हातांनी जोर लावून ओढायचं. निसटला तर तो आत्ता निसटलेला बरा. हातोडीने ठोकलेला लग वरून तसाच दिसतो, पण लोड लागला की तिथेच गरम होतो. पेट्या जळतात त्या सेलमुळे क्वचित, बहुतेकदा अशा सांध्यामुळे.

वायरीच्या जाडीवर मी भांडतो. घरातल्या 230 व्होल्टच्या सवयीने लोक दीड एमएमची वायर आणतात. 12 व्होल्टवर 10 अँपिअर पाच मीटर लांब न्यायचे तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं लागतं. दीड एमएममध्ये तिथे एक व्होल्टच्या वर गळतो, म्हणजे नऊ टक्के वीज वायर तापवण्यात गेली. सहा एमएम घेतली तर गळती पाव व्होल्टच्या जरा वर एवढीच राहते. आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून. फ्यूज हा वायरीसाठी असतो, यंत्रासाठी नाही, हे शिकाऊ पोरांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

किती चार्ज उरला हे व्होल्टवरून ओळखायची जुन्या बॅटरीची सवय इथे सोडावी लागते. हे सेल निम्मे रिकामे झाले तरी व्होल्ट फारसे हलत नाहीत आणि शेवटी एकदम कोसळतात. म्हणून गेलेले-आलेले अँपिअर मोजणारा शंट मीटर लावतो. पैसे वाचवायला गिऱ्हाईक तोच काढायला सांगतं.

हल्ली पीएम सूर्यघर योजनेतून स्लॅबवर पॅनेलं दिसू लागली आहेत. तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, बिलासाठी योजना चांगलीच आहे. पण लाईन गेली की तो प्लांटही बंद पडतो. तो तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला त्या विजेचा झटका बसेल. भर उन्हात छतावर तीन किलोवॉट आणि खाली पंखा बंद, हे पाहून लोक चिडून माझ्याकडे येतात. त्यांची फसवणूक झालेली नसते. बिल कमी करणं एक काम, अडीनडीला वीज देणं दुसरं. दुसऱ्यासाठी बॅटरी लागतेच.

आणि ती बॅटरी हलकी असेल तर ती घरात बसून राहत नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत कापूस-तुरीच्या दिवसांत रोही आणि रानडुकरांपायी वावरात जागल असते. कुंपणाचं झटका मशीन आणि फवारणीचा चार्जिंगचा पंप यांमुळे 12 व्होल्टची बॅटरी शेतकऱ्याच्या ओळखीची आहे, पेटी समजावून सांगावी लागत नाही. गडी ती मोटारसायकलवर बांधतो, मचाणाखाली ठेवतो, वर एक बल्ब, मोबाइलचं चार्जिंग. कुंपणात लाईनचा थेट करंट सोडण्यापेक्षा झटका मशीन शतपटीने बरं; त्या करंटने वाघही मेले आहेत आणि माणसंही. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांवर अशीच पेटी रात्रभर बल्ब पेटवते.

पेटी देताना एक गोष्ट गिऱ्हाइकाकडून कबूल करून घेतो, तुम्हालाही सांगतो. वीज घ्यायची ती पेटीवरच्या सॉकेटातूनच. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घराच्या बोर्डात उलटी वीज सोडू नका. मेन स्विच चालू राहिला तर ती मीटरमधून मागे जाते, आणि डीपीच्या पलीकडे तीच वीज हजारो व्होल्टची होते. गावाचा एवढा लोड पाहून छोटा इन्व्हर्टर बहुधा लगेच ट्रिप होतो, पण तेवढ्या भरवशावर खांबावरच्या वायरमनचा जीव टांगू नये. घरभर जोडणी हवीच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, आणि तो बसेपर्यंत एक्स्टेन्शन बोर्डावर भागवा.