तीन हजार दोनशेंची शांत झोप

चि. सौ. अनघा हिस मामाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

घरगुती वस्तूची वाढीव वॉरंटी विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न पावतीवरच्या एका ओळीपुरता दिसत असला, तरी कोणती जोखीम घराने स्वतः सोसावी आणि कोणती पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवावी, हा संसारातला जुना आणि पुरेसा गंभीर प्रश्न त्याच्या मुळाशी असतो. अनघाने पाठवलेल्या पावत्यांनुसार विरारच्या नव्या घरातील ३४,००० रुपयांच्या फ्रिजसाठी ३,२०० रुपयांची आणि वॉशिंग मशीनसाठी २,७०० रुपयांची वाढीव वॉरंटी घेऊन झाली आहे. एसीच्या ४,४०० रुपयांच्या आणि टीव्हीच्या ३,९०० रुपयांच्या योजनेसाठी दुकानदाराने रविवारपर्यंत सवड दिली असून तेवढ्यापुरते मामाचे मत हवे आहे. दोन योजना घेऊन झाल्यावर मत मागणे हे घराण्याच्या रीतीला धरूनच झाले. पत्र लांबणार आहे ते मात्र पावत्यांमुळे नव्हे, तर त्यांच्याखाली तिने लिहिलेल्या वाक्यामुळे: ‘मामा, पैशाचं काही नाही, रात्री शांत झोप लागावी म्हणून घेतली.’ दादरच्या कपाटाच्या वेळी ज्या मुलीने भर दुकानात सुताराला बिजागऱ्या मोजून दाखवायला लावल्या, तिने झोप विकत घ्यावी आणि तेही विक्रेत्याच्या तोंडच्या शब्दांत सांगावे, याचे मामास आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला.

प्रथम तीन कागद वेगळे केले पाहिजेत. उत्पादक वस्तूबरोबर जी मूळ वॉरंटी देतो, म्हणजे ठरावीक मुदतीत दोष निघाल्यास तो स्वखर्चाने दूर करण्याची लेखी हमी, तिचा खर्च वस्तूच्या किमतीतच धरलेला असतो. वाढीव वॉरंटी हा निराळा, पैसे मोजून केलेला करार असून तो बहुधा मूळ मुदत संपल्यावर सुरू होतो. त्यामुळे काउंटरवर ‘तीन वर्षांची’ म्हणून जी सांगितली जाते तिच्यातले पहिले वर्ष उत्पादकाने आधीच दिलेले असते आणि पैसे जातात ते उरलेल्या दोन वर्षांचे. तिसरा कागद वार्षिक देखभाल कराराचा, ज्याला सगळे एएमसी म्हणतात. त्यात ठरलेल्या वेळी साफसफाई आणि तपासणी होते, सुटे भाग मात्र प्रत्येक करारात मिळतात असे नाही. अनघाच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला उत्पादकाचीच दहा वर्षांची वॉरंटी आहे, असे तिने पाठवलेल्या कार्डावर ठळक छापले आहे, म्हणजे फ्रिजमधला सर्वांत महागडा भाग योजना न घेताही सुरक्षित होता. ही वॉरंटी सहसा सुट्या भागापुरती असते आणि गॅस भरण्याचा खर्च, मजुरी व घरी येण्याचे शुल्क ग्राहकाकडेच राहते, हे त्याच कार्डावर बारीक अक्षरांत आहे. ठळक तेवढेच वाचण्याची सवय तिला शाळेपासूनची.

आता हिशेब. पुष्कळांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून त्यांतील मोजक्यांवर कोसळणारे नुकसान भरून काढायचे, ही विम्याची कल्पना होय. ही व्यवस्था चालवणाऱ्याचा कचेरीचा खर्च, दलाली आणि नफा सुटायचा असल्याने तो प्रत्येकाकडून सरासरी नुकसानीपेक्षा जास्तच रक्कम घेतो. विमा घेणारा सरासरीने तोट्यात असतो, हा काही गैरप्रकार नव्हे, ती त्या व्यवस्थेची अटच आहे; आणि हा तोटा पत्करणे शहाणपणाचे ठरते ते टळणारे नुकसान घराला न झेपणारे असेल तेव्हाच. फ्रिजच्या मुख्य सर्किट बोर्डाचा, म्हणजे मेकॅनिक ज्याला पीसीबी म्हणतात त्याचा, खर्च उदाहरणादाखल ६,४०० रुपये धरला, तर ३,२०० रुपयांची योजना निव्वळ बरोबरीत सुटण्यासाठी दर दोन फ्रिजांपैकी एकाचा बोर्ड दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात जळायला हवा. इतके वाईट फ्रिज कोणी बनवत असेल, तर त्याच्याकडून योजना नव्हे, फ्रिजच घेऊ नये.

ही दोन वर्षेही नेमकी कोणती आहेत, हे पाहण्यासारखे आहे. यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडांचे प्रमाण काळाच्या ओघात मांडतात, तेव्हा येणाऱ्या रेषेला बाथटब-वक्र म्हणतात: घडणीतले दोष सुरुवातीलाच उघडे पडतात म्हणून ती आरंभी उंच असते, मग बराच काळ खाली सपाट चालते आणि भाग झिजू लागले की पुन्हा चढते. प्रत्येक यंत्र या रेषेत चोख बसत नाही, परंतु साधारण चित्र असे की आरंभीचा चढ मूळ वॉरंटीत निघून जातो, शेवटचा चढ येईपर्यंत वाढीव वॉरंटी संपलेली असते, आणि विकली जातात ती मधली, त्यातल्या त्यात निर्धोक वर्षे.

तरीही शहाणीसुरती माणसे ती घेतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या प्रॉस्पेक्ट थिअरीत, म्हणजे अनिश्चिततेत माणसे प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात याच्या मांडणीत, याचे बरेचसे उत्तर सापडते: तोटा तेवढ्याच लाभापेक्षा जास्त बोचतो आणि लहानशी शक्यता मनात तिच्या मापापेक्षा मोठी होते. त्यात भर म्हणजे ३४,०००च्या शेजारी ठेवलेले ३,२०० किरकोळ दिसतात. हीच अनघा कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी अर्धा बाजार फिरते. दुकानदाराला ही मनःस्थिती पुरती ठाऊक असते. फ्रिजची किंमत चार ठिकाणी विचारून झालेली असल्याने तिथे त्याला फारसे सुटत नाही, पण योजनेचे नाव निघते ते कार्ड यंत्रात घालण्याच्या घटकेला, आणि तेव्हा दुसरीकडे चौकशी करायला कोणी उठून जात नाही. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००३ साली घरगुती विद्युत वस्तूंच्या वाढीव वॉरंटीची चौकशी केली तेव्हा काउंटरवरच्या याच वरचढपणावर बोट ठेवले होते. २००५च्या आदेशाने तिथल्या विक्रेत्यांना योजनेची किंमत वस्तूच्या किमतीबरोबर दाखवणे, ३० दिवस टिकणारा लेखी भाव देणे आणि ४५ दिवसांत करार रद्द केल्यास पूर्ण पैसे परत करणे बंधनकारक झाले. इकडे रद्द करण्याची अशी मुदत करारात लिहिली असेल तरच हाती लागते, म्हणून अनघाने घेतलेल्या दोन्ही पुस्तिकांत ते कलम आधी शोधावे आणि सापडल्यास त्याच दिवशी ईमेल करावा. फोनवर सांगून थांबू नये.

पुस्तिका उघडलीच आहे, तर अपवादांचे पानही वाचावे, कारण करार म्हणजे खरे तर तेच पान असते. दाराचे रबर, काचेचे कप्पे, दिवा आणि प्लास्टिकचे भाग बहुधा वगळलेले असतात, म्हणजे रोजच्या वापरात जे तुटते ते बाहेर. विजेच्या दाबातील चढउतार कुठे धरलेला असतो, कुठे नसतो. गंज बहुधा नसतो. आणि अर्नाळ्याकडून येणारा खारा वारा ज्या घराच्या बाल्कनीत शिरतो, तिथे एसीच्या बाहेरच्या भागाची कॉइल खराब होण्याचे कारण गंजच असते. उंदीर, पाल, मुंग्या यांनी केलेले नुकसानही असेच बाहेर. कोकणपट्टीत बोर्ड जळण्याचे एक नेहमीचे दृश्य असे की मेकॅनिक मागचे झाकण काढतो, बोर्डावर होरपळलेली पाल चिकटलेली असते, तो मोबाइलवर तिचा फोटो काढतो, जॉबशीटवर ‘कीटकांमुळे शॉर्ट’ असे लिहितो, आणि पालीला कीटक म्हणावे काय हा वाद करण्याआधीच दावा निकालात निघतो. वस्तू दुरुस्त होण्याजोगी नसेल, तर अनेक करारांत नवी वस्तू न देता घसारा वजा करून, म्हणजे वापराच्या वर्षांमागे किंमत उतरवून, उरलेली रक्कम दिली जाते.

ही सेवा देण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच पुस्तिकेत पाहावे. उत्पादक, दुकानदार आणि तिसरीच एखादी सेवा कंपनी या तिघांच्या नावांत फार मोठा फरक आहे. यांच्याउलट, विमा कंपनीवर विमा नियामक प्राधिकरणाची, म्हणजे आयआरडीएआयची, देखरेख असते आणि देणी भागवण्याइतके भांडवल तिला राखावे लागते, तर दुकानाने स्वतःच्या नावावर दिलेली वॉरंटी ते दुकान चालू असेपर्यंतच टिकते. योजना घेतल्याखेरीज वस्तूच देणार नाही, असे कोणी म्हणत असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. त्याच कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी लागत नाही; त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी.

एवढे लिहूनही सरसकट नकार देणे अन्यायाचे होईल. टीव्हीचा पॅनेल, म्हणजे पडदा, बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून पडद्याला दोन्ही वर्षे पूर्ण संरक्षण असेल आणि करार उत्पादकाचा असेल, तर ती योजना निदान चर्चेला घेण्याजोगी आहे, जरी अनघाला ३८,००० रुपयांच्या टीव्हीचा तोटा झेपणार नाही असे नाही. एसीला योजनेपेक्षा देखभाल करार जास्त उपयोगी, कारण मीठ वेळच्या वेळी धुऊन काढणे हाच खाऱ्या वाऱ्यावरचा त्यातल्या त्यात चालणारा उपाय आहे. गावी एकट्या राहणाऱ्या तिच्या आजेसासूबाईंच्या घरी मात्र निर्णय उलटा असावा: तिथे पैसे जोखमीसाठी नव्हे, तर एका फोनवर माणूस दारात यावा म्हणून द्यायचे आहेत. बाकी वस्तूंच्या बाबतीत तेवढीच रक्कम घराच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकणे, म्हणजे अर्थशास्त्रात ज्याला स्वविमा म्हणतात ते करणे, पुरेसे आहे. चारही योजनांचे मिळून १४,२०० रुपये होतात, त्यांत दोन चांगल्या दुरुस्त्या बसतात आणि काहीच बिघडले नाही तर पैसे घरातच राहतात.

प्रश्नाचे उत्तर येथे संपले असते, परंतु पावत्या पुन्हा चाळताना मामाची काळजी भलतीकडेच वळली. ज्या घराने फ्रिजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विचार इतक्या तत्परतेने केला, त्या घरात पंचवीस वर्षांच्या गृहकर्जासमोर कोणता विमा आहे? जावईबापूंच्या नावावर मुदत विमा, म्हणजे ठरावीक वर्षांत कर्त्या माणसाचा मृत्यू झाल्यासच मोठी रक्कम देणारा आणि म्हणूनच स्वस्त असणारा आयुर्विमा, अजून नाही, हे गणपतीत बोलण्याबोलण्यात कळले होते आणि ‘करायचा आहे’ एवढ्यावर तो विषय मोदकांबरोबर संपला. आरोग्य विमा आहे तो कंपनीचा समूह विमा, जो सामान्यतः नोकरीबरोबर संपतो. आणि जावईबापू नोकरी बदलणार असल्याचे अनघाच्या आईने, म्हणजे आक्काने, सांगितले. दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत त्या चार माणसांच्या घराला काय आधार असणार? दिवाळीच्या तपासणीत जावईबापूंची साखर वाढलेली निघाली, हे तर आक्कानेही सांगितले नाही, ते रिपोर्टाच्या फोटोतून मामाला आपोआप दिसले. आधीपासूनच्या आजारासाठी आरोग्य पॉलिसीत जो प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे ज्या मुदतीत त्या आजाराचा खर्च मिळत नाही, तो आयआरडीएआयच्या २०२४च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो; त्यामुळे जितका उशीर, तितकी ही वर्षे पुढे सरकतात. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण त्यासाठी राजीनामा देण्याआधी विचारलेले बरे, निरोप समारंभानंतर नव्हे. आणि योगायोग असा की फ्रिजच्या योजनेवर अनघाने १८ टक्के जीएसटी भरला, तर वैयक्तिक आयुर्विम्याच्या व आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी लागतच नाही.

तेव्हा रविवारपर्यंत दुकानात जाण्याऐवजी समूह पॉलिसीची प्रत, कर्जमंजुरीचे पत्र आणि तो रिपोर्ट एवढे इकडे पाठवावे. टीव्ही बिनयोजनेचा चालेल. प्रस्तावअर्ज, म्हणजे विमा मागताना प्रकृतीची माहिती भरून द्यायचा कागद, एजंटाला भरू देऊ नये आणि साखरेच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहू नये, कारण पुढे दावा अडतो तो तिथेच. जावईबापू चिडतील, कारण साखरेबद्दल त्यांना कोणी बोललेले चालत नाही. चिडले तर मामाचे नाव सांगावे. तसेही वर्षातून एकदा ते मामावर चिडतातच, यंदाचे अजून बाकी आहे.

कळावे, लोभ असावा.

मामा

ता. क. फ्रिजला स्टॅबिलायझर लागतो की नाही, हे विक्रेत्याला विचारू नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत विजेचा दाब किती ते किती चालतो हे छापलेले असते, ते पाहून इमारतीच्या वायरमनला विचारावे.