धुराची पावती

आमच्या घरच्या कपाटात प्लॅस्टिकची एक पिशवी आहे. तिच्यात रेशनकार्ड आहे, अम्मी-अब्बांचा निकाहनामा आहे, आमची बी.एड.ची गुणपत्रिका आहे. याच पिशवीत अब्बांनी पर्यावरण कराची तीन हजार रुपयांची पावतीही घालून ठेवली आहे. ती भरताना आम्ही बराच त्रागा केला होता. अब्बांनी त्यावर जे सांगितले, ते ऐकून आमचा त्रागा थांबला असे नाही, पण त्याची दिशा बदलली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही वांद्रे पूर्वेला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मूळ गाव दापोलीकडचे. त्यामुळे घरात कोकणी, शाळेत उर्दू, रस्त्यावर बम्बइया आणि लिहायला मराठी, असा आमचा चार दगडांवरचा संसार! रेल्वेच्या पश्चिमेला लिंकिंग रोड, पाली हिल आणि समुद्र. आमच्या बाजूला बेहरामपाडा, खेरवाडी, कलानगरचा नाका, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि त्याला लागून बीकेसीच्या काचेच्या इमारती. दिवसभर गाड्यांची रांग आमच्याच बाजूने सरकत असते.

शिक्षकाच्या पगारात गाडी ही चैन समजली जाते. पण आमची गाडी चैनीसाठी आलेली नाही. २०१६ साली अब्बांची छाती भरून येऊ लागली. रात्री दोन वाजता धाप लागली की रिक्षासाठी हमरस्त्यापर्यंत धावावे लागे. शेवटी एका सहकारी शिक्षकाकडून त्यांची जुनी मारुती ८०० हप्त्याने घेतली. जून २००७ ची नोंदणी, पेट्रोलवर चालणारी. ही गाडी फार फिरत नाही. दवाखाना, एखादे लग्न आणि वर्षातून एकदा गाव. वर्षाचे दीड हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

जून २०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावे लागते. त्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती. केंद्र सरकारच्या नव्या नियमाने ती १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. म्हणजे आमची गाडी तीन महिने आधी जन्मली असती तर सहाशेत भागले असते! त्यावर पर्यावरण कर तीन हजार. एकूण आठ हजार. शिवाय पत्र्याचे काम, रंग आणि विमा वेगळाच.

हा पर्यावरण कर महाराष्ट्रात २०१० साली आला. धंद्याच्या गाडीला आठ वर्षे झाली की आणि खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की तो लागू होतो. दर पाच वर्षांसाठी पेट्रोल मोटारीला तीन हजार, डिझेल मोटारीला साडेतीन हजार, दुचाकीला दोन हजार, रिक्षाला साडेसातशे, असे त्याचे दर ठरले. गाडी जुनी झाली की धूर जास्त सोडते, म्हणून तिच्या मालकाने जास्त द्यावे, असा त्यामागचा विचार.

विचार वाईट नाही. पण आम्ही पडलो मास्तर. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन हजार भागिले पाच, म्हणजे वर्षाला सहाशे. आमची गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला चाळीस पैसे. आता आमच्याच वयाची, आमच्यासारखीच दुसरी गाडी वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावते असे समजा. तिला किलोमीटरला पडतात चार पैसे! जो दहापट धूर सोडतो, त्याला धुराचा भाव दहापट स्वस्त. डिझेल आणि पेट्रोल यांच्यातला फरक पाच वर्षांत पाचशे रुपये, म्हणजे वर्षाला शंभर. आणि काल शोरूममधून निघालेली अडीच हजार सीसीची भली मोठी गाडी पुढची पंधरा वर्षे पर्यावरण कराचा एक पैसाही देणार नाही. तिने नोंदणीच्या वेळी किमतीच्या टक्केवारीने भरपूर कर भरलेला असतो आणि त्यात डिझेलला दर जास्त, सीएनजीला कमी, एवढा भेद केलेला असतो, हे खरे. पण गाडी किती चालली, हे तेव्हाही कुणी विचारत नाही आणि पंधरा वर्षांनीही नाही.

आणखी एक. आमच्या गाडीचे पीयूसी दर सहा महिन्यांनी होते आणि दर वेळी धूर मर्यादेच्या आत निघतो. एका हातात ‘धूर ठीक आहे’ असा दाखला आणि दुसऱ्या हातात धुराच्या कराची पावती!

स्टाफरूममध्ये हा हिशेब मांडला तेव्हा आम्हाला भरपूर दाद मिळाली. ज्यांची स्कूटर जुनी होती ते तर टाळ्या वाजवायचेच बाकी राहिले. “सर, वयावर कर लावायचा तर मग आमच्यावरही लावतील,” असे निवृत्तीला आलेले एक शिक्षक म्हणाले आणि सगळे हसले.

पुढच्या वर्षी आमच्या मामूंचा लंडनमधल्या इलफोर्डहून फोन आला. त्यांचाही तोच तक्रारीचा सूर. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व भागांत कमी धुराच्या गाड्यांचा नियम लागू झाला होता. जी गाडी ठरलेल्या प्रतीची नाही, तिने रस्त्यावर उतरल्याच्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड द्यायचे. मामूंची डिझेल गाडी २०११ ची, त्या प्रतीत न बसणारी. लोक इतके चिडले होते की काहींनी रात्री जाऊन नंबर टिपणारे कॅमेरेच कापून टाकले. फ्रान्समध्येही २०१८ साली इंधनावरच्या करावरून पिवळी जाकिटे घातलेली माणसे रस्त्यावर उतरली होती. आम्हाला वाटले, चला, या दुःखात आपण एकटे नाही.

मामूंनी पुढे सांगितले की गाडी भंगारात दिली तर लंडनचे प्रशासन दोन हजार पौंड देते, ते घेऊन त्यांनी गाडी काढून टाकली. मग म्हणाले, “तुझी गाडी कुठल्या प्रतीची?” आमची बीएस-थ्री. तिथल्या हिशेबाने युरो-थ्री. तिथे पेट्रोल गाडीला निदान युरो-फोर लागते. मामू हसून म्हणाले, “मग इकडे आणू नकोस. वर्षाचे सहाशे भरतोस तिथे रोजचे हजाराहून जास्त भरशील.”

आम्ही गप्प बसलो. पीयूसीचा दाखला खरा होता, पण तो आमच्याच गाडीच्या पिढीला लावलेल्या मर्यादेचा होता. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून बीएस-फोर आले, तेव्हा मारुती ८०० चे नवे मॉडेल या शहरात विकणेच बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स आले. आमची गाडी नापास नव्हती. पण ती जुन्या अभ्यासक्रमात पास झालेली होती.

त्या वर्षी डिसेंबरात सहावीच्या वर्गात आम्ही ‘आलूदगी’ शिकवत होतो. आलूदगी म्हणजे प्रदूषण. हिवाळ्यात मुंबईचा वारा मंदावतो, धूर आणि धूळ वर उठत नाहीत, खाली बसून राहतात, हे फळ्यावर काढून दाखवले. वर्गात तेव्हा तीन-चार मुले तरी खोकत असत. महामार्गाच्या कडेला राहणारा एक मुलगा आठवडाभर गैरहजर राहून नुकताच परतला होता. त्याने हात वर केला. “सर, जिसके पास गाड़ी नहीं है, वो धुआँ क्यों खाता है?”

मुलाच्या प्रश्नाला टाळायचे नाही असे बी.एड.मध्ये शिकवले होते. पण उत्तर काय द्यायचे हे शिकवले नव्हते. “अच्छा सवाल है,” एवढे बोलून आम्ही पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. घरी येईपर्यंत तो प्रश्न पाठ सोडीना.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही अब्बांना हे सगळे सांगितले, त्यात कराचा हिशेबही पुन्हा आला. किलोमीटरला चाळीस पैसे, तुमच्या दवाखान्याच्या फेऱ्यांवर धुराचा कर, ज्याने आयुष्यभर या शहराचा धूर गिळला त्याच्याच घराने धुराची पावती फाडायची, वगैरे. आमचा आवाज चढला असावा. अब्बा नेब्युलायझर बाजूला ठेवून म्हणाले, “गिळला, पण सोडलाही.”

अब्बांनी तीस वर्षे टॅक्सी चालवली. बिडीला कधी हात लावला नाही. छातीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, “धंदा काय करत होता?” आणि उत्तर ऐकून नुसती मान हलवली होती. अब्बांची स्वतःची टॅक्सी १९९३ ची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. पुढे तिला डिझेलचे इंजिन बसवले होते. तिनेच आम्हाला शिकवले, बहिणींची लग्ने केली.

“डिझेल परवडायचे नाही,” अब्बा सांगू लागले. “मग घासलेट मिसळायचे. रेशनचे, निळे. नाक्यावर सगळेच मिसळत, मीही मिसळायचो. मागून काळा लोट निघायचा. शाळेपुढून जाताना आरशात दिसायचा. पोरे नाक दाबून उभी असायची. मी आरसा वळवून घ्यायचो.”

आम्हाला हे ठाऊक नव्हते. आमच्या फीच्या पैशात त्या निळ्या घासलेटची बचत होती, हे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

१९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने धुराच्या याचिकेवरून लाल समिती नेमली. समितीने २००० साली अहवाल दिला आणि जुन्या व डिझेलच्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. आम्ही तेव्हा सातवीत होतो. किट बसवण्यासाठी अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या आणि वर कर्ज झाले. गॅससाठी तासन्‌तास रांग. नाक्यावर सगळे टॅक्सीवाले न्यायालयाला बोल लावत होते, अब्बाही त्यातच होते. “पण महिनाभराने लक्षात आले,” ते म्हणाले, “संध्याकाळी रुमालाने नाक पुसले तर रुमाल पूर्वीसारखा काळा होत नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटले, की आपण काय काय हवेत सोडले असेल.”

२०१३ साली टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा ठरली आणि त्याच वर्षी अब्बांची टॅक्सी भंगारात गेली. नवी घेण्याची ताकद नव्हती. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. अब्बांनी तो कागद बघितला आणि घडी करून ठेवला.

“नमाज चुकली तर अल्लाह माफ करील,” अब्बा म्हणाले. “पण हा हुकूकुल इबादचा मामला आहे. माणसांचा हक्क मारला तर माणसांनीच माफ करायचे असते. मी माफी कुणाकडे मागू? त्या शाळेची पोरे आता कुठे असतील? म्हणून ती पावती जपून ठेवली. तीन हजाराने काही फिटत नाही. पण कुठेतरी लिहिले तरी गेले, की धूर सोडला होता.”

आम्ही काही बोललो नाही. आमचा हिशेब बरोबर होता आणि अब्बांचाही. पण आम्ही स्वतःला निव्वळ कर भरणारा समजत होतो आणि गाडी नसलेल्या त्या मुलाचा हिशेब कुणीच मांडला नव्हता.

तेव्हापासून आमची तक्रार थोडी बदलली आहे. धुराला दाम असावाच, यात आता वाद नाही. पण तो दाम गाडीच्या जन्मतारखेवर न लावता धुरावर लावावा. गाडी कुठल्या प्रतीची आहे, आरटीओच्या कागदावर लिहिलेले असते. किती चालली, मीटरवर दिसते. पीयूसीवाला दर वेळी गाडीसमोर उभा असतोच, त्याने मीटरचा आकडाही टिपला तर चाळीस पैसे आणि चार पैसे असा उलटा न्याय राहणार नाही. अब्बांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांना थोडे आणि रोज एकट्याने मोठी गाडी काढणाऱ्याला जास्त. ती गाडी नवी असली तरीही. आणि जमा झालेला पैसा बसच्या थांब्यावर, सरकारी दवाखान्याच्या छातीच्या विभागात, महामार्गाकडेच्या शाळांत दिसला पाहिजे. म्हणजे त्या मुलाला निदान अर्धे उत्तर देता येईल.

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा मुंबईच्या हवेची दखल घेतली आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हळूहळू बंद करता येतील का, हे पाहायला सरकारने समिती नेमली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारीच्या पासिंगची फी दहा हजार केली. जून २०२७ मध्ये आमची गाडी वीस वर्षांची होते. कर वेगळाच. तेवढ्या पैशांत अब्बांना दवाखान्यात न्यायला किती रिक्षा होतील, हेही आम्ही मोजून पाहिले आहे. दिवसाच्या फेऱ्यांचे जमते. रात्री दोन वाजताची रिक्षा मात्र त्या हिशेबात बसत नाही.

परवा अब्बांना तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, “गाडी ठेव नाही तर काढ. पण ठेवलीस तर भरताना कुरकुर करू नकोस, आणि भरून झाल्यावर गप्प बसू नकोस.” मग त्यांनी कपाटातली पिशवी मागवली आणि पावतीच्या मागे पेन्सिलीने, त्यांच्या थरथरत्या उर्दू अक्षरात, जून २०२७ ची तारीख लिहून ठेवली.